ट्रक यायच्या आधी

टेक्सासमध्ये लोक घराला पाणी घालतात. अंगणातल्या झाडांना घालतात ते वेगळं, हे खुद्द घराला. उन्हाळा तापला की डॅलसच्या उपनगरांत भिंतीपासून फूट-दीड फूट अंतरावर घराला वेढा घालून पडलेला एक पाझरणारा काळा पाइप दिसतो. पुण्या-मुंबईहून नुकत्याच गेलेल्या माणसाला हा अमेरिकन चोचला वाटतो. लातूर, परभणी किंवा अकोल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिलमध्ये शेतातल्या भेगेत अख्खा पंजा जातो हे त्यानं लहानपणीच पाहिलेलं असतं. तीच भेग घराखाली पडू नये म्हणून हा पाइप.

डॅलसच्या उत्तरेपासून थेट सॅन अँटोनियोपर्यंत काळ्या जमिनीचा एक पट्टा गेला आहे. त्याचं नाव ब्लॅकलँड प्रेअरी. तिथली सगळ्यात प्रसिद्ध माती ‘ह्यूस्टन ब्लॅक’, टेक्सासची राज्य-माती म्हणून मान मिळालेली, सुमारे 15 लाख एकरांवर पसरलेली. मृदाशास्त्रज्ञ तिला आणि आपल्या रेगूर मातीला एकाच ‘व्हर्टिसॉल’ गटात बसवतात. आपली माती बेसॉल्ट झिजून झाली, तिथली चुनखडीच्या चिकणगाळातून. आईबाप वेगळे, पण गुण तेच. दोन्हींत स्मेक्टाइट गटाची खनिजं भरलेली. पाणी मिळालं की या खनिजांच्या पापुद्र्यांमध्ये ते शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की आक्रसते. कापसाला दोन्ही मानवल्या. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईच्या पेढ्यांवर पैसा वाहिला. दोन्हीकडच्या काळ्या मातीची गाठ पडली ती अशी, तिसऱ्याच्या गिरणीत.

आता टेक्सासच्या त्या पट्ट्यात कापूस कमी आणि घरं जास्त. प्लेनो, फ्रिस्को, मॅककिनी, प्रॉस्पर, सेलायना असं उत्तरेला सरकत जावं तसं शेत मोडून प्लॉट पडलेले दिसतात, आणि त्या प्लॉटांच्या खरेदीदारांत मराठी नावं भरपूर. आयटीतली नोकरी, मुलांची शाळा, आईवडील आले तर त्यांना खालच्या मजल्यावर एक खोली. घर पसंत केलं जातं ते मॉडेल होममध्ये. स्वयंपाकघराचा ओटा, फरशीचा रंग, जिन्याचा कठडा हे सगळं डिझाइन सेंटरमध्ये बसून तासन्‌तास निवडतात. पाया मात्र निवडायचा नसतो. तो ‘इन्क्लूडेड’ असतो.

पाया म्हणजे तरी काय? बहुतेक नव्या घरांना आपल्यासारखं जोतं नाही, खाली तळघर नाही. जमिनीवरच टाकलेला एक सलग काँक्रीटचा स्लॅब. वरचा पातळ भाग साधारण 4 इंच जाडीचा, आणि त्याच्या पोटातून आडव्या-उभ्या धावणारे बीम, दहा-बारा इंच रुंद आणि दोन-अडीच फूट किंवा त्याहून खोल. लाकडी सांगाड्याचं सगळं घर या एका तुकड्यावर उभं. पावसाळ्यात कडेची माती फुगते आणि स्लॅबची कड उचलते. दुष्काळात कडेची माती आक्रसते, कड खाली बसते आणि मधला भाग कुबडासारखा वर राहतो. 2011 हे टेक्सासच्या नोंदींतलं सर्वांत कोरडं वर्ष; त्या साली खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या, दारं अडकू लागली. जोन्स आणि होल्ट्झ या दोन अभियंत्यांनी 1973 मध्ये लिहिलं होतं की, फुगणाऱ्या मातीमुळे अमेरिकेत वर्षाला सुमारे 2.3 अब्ज डॉलरचं नुकसान होतं. पूर, चक्रीवादळं, टोर्नेडो आणि भूकंप यांच्या एकत्रित नुकसानीपेक्षा जास्त. यात माणसं मरत नाहीत, म्हणून बातमी होत नाही.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा म्हणजे स्लॅब आवळून टाकायचा. 1968 मध्ये तिथल्या इमारत संशोधन मंडळानं केंद्र सरकारच्या गृहकर्ज खात्यासाठी जमिनीवर टाकलेल्या घरगुती स्लॅबच्या रचनेचे निकष लिहिले. पुढे पोस्ट-टेन्शनिंग इन्स्टिट्यूटनं 1980 मध्ये आपली पुस्तिका काढली, आणि टेक्सासमधल्या घरबांधणीत केबलचा स्लॅब रूढ झाला. पुस्तकांची आडवी रांग दोन्ही टोकांनी दाबून धरली तर मधलं पुस्तक न पडता सगळी रांग उचलता येते, तत्त्व तेवढंच. अर्धा इंच जाडीची, सात तारांनी पिळलेली पोलादी केबल, तिच्यावर ग्रीस आणि प्लॅस्टिकचं आवरण. काँक्रीट पुरेसं घट्ट झालं की, साधारण आठवड्याभरानं, जॅक लावून प्रत्येक केबल सुमारे 33 हजार पौंडांनी, म्हणजे जवळजवळ 15 टनांनी ताणतात आणि पाचरीनं अडकवून टाकतात. ताण कायमचा आत राहतो. म्हणून पुष्कळ गॅरेजांच्या फरशीवर शिक्का उमटवलेला असतो की, या स्लॅबला छेद देऊ नका. एखादा नवा मालक संडासाची जागा फूटभर सरकवायची म्हणून ड्रिल घेऊन बसतो तेव्हा हा शिक्का त्याच्या नजरेस पडावा एवढीच प्रार्थना.

या सगळ्या बेताचं खरं-खोटं एकाच दिवशी दिसतं. चर खणून झाले, प्लॅस्टिक अंथरलं, केबली बांधल्या, आणि काँक्रीटचा ट्रक यायचा आहे, तो दिवस. इंग्रजीत याला ‘प्री-पोअर’ म्हणतात आणि तिथले मराठी लोकही तसंच म्हणतात: “प्री-पोअर झालं का तुमचं?”

त्या दिवशी तपासणारा माणूस गेला तर काय बघतो? आधी फळ्या. स्लॅबच्या कडेनं ठोकलेल्या साच्याच्या फळ्या नकाशाइतक्या लांब-रुंद आहेत का, काटकोनात आहेत का, आणि त्यांचा वरचा काठ आसपासच्या जमिनीपासून पुरेसा उंच आहे का. घरापासून पहिल्या 10 फुटांत जमीन 6 इंच उतरली पाहिजे, असा तिथल्या निवासी बांधकाम संहितेचा दंडक आहे. स्लॅबच खाली बसवला तर हा उतार नंतर कुठून आणणार? पावसाचं पाणी घराकडे येतं, कडेची माती फुगते, आणि मग पाइपनं पाणी घालायचीही गरज उरत नाही.

मग चर. रुंदी-खोली टेपनं मोजायची. बाजूची माती ढासळून तळाशी सैल ढीग साचला असेल तर बीम कागदावर तीस इंच आणि प्रत्यक्षात चोवीस. रात्री पाऊस पडून गेला असेल तर चरात पाणी; ते उपसलं तरी खालचा चिखल काढावा लागतो. खरी कुरबुर इथेच होते, कारण पाणी उपसणं सोपं आणि चिखल काढणं कष्टाचं. लाकडाचे तुकडे, मुळं, थर्माकोल, शीतपेयाचे डबे, काहीही असू शकतं. आपली मंडळी भूमिपूजन करतात तेही प्लॉटच्या कोपऱ्यावर आटोपून घ्यावं. नारळाची करवंटी चरात राहिली तर इन्स्पेक्टरच्या लेखी ती केवळ कुजणारी वस्तू.

चरांवर आणि जमिनीवर ओलावा अडवणारं प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, 10 मिल (म्हणजे इंचाचा शंभरावा भाग) जाडीचं, सांध्यावर किमान 6 इंच एकावर एक. माणसं त्यावरून दिवसभर चालतात, केबली ओढतात, त्यामुळे ते फाटतंच. प्रश्न एवढाच की फाटलेलं चिकटपट्टीनं जोडलं का.

केबलींकडे सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. नकाशावर जितक्या दाखवल्या तितक्या आहेत का, हे आधी मोजायचं. ऐकायला बालिश वाटतं, पण एखादी केबल कमी असणं ही नुसत्या मोजणीनं सापडणारी आणि ओतल्यानंतर कधीच भरून न निघणारी चूक आहे. मग उंची: पातळ भागात केबल जाडीच्या मध्याजवळ हवी, बीममध्ये ती झोळीसारखी खाली उतरलेली हवी. त्यासाठी प्लॅस्टिकच्या बैठका, म्हणजे चेअर, लावतात. चेअर कमी पडल्या किंवा पायाखाली चेंगरल्या की केबल प्लॅस्टिकवर लोळते. अशी जमिनीला टेकलेली केबल ताणली तर बळ भलत्याच ठिकाणी जातं. आवरण सोललं गेलं असेल तर तिथे टेप गुंडाळलेली हवी, नाहीतर पाणी लागून पोलाद गंजतं. टोकाशी केबल अडकवणारा अँकर फळीला घट्ट ठोकलेला हवा आणि तिथून निघणारी केबल काही अंतर सरळच जायला हवी. टोकाशीच वळली तर ताणताना सगळा जोर एका बाजूला येतो आणि काँक्रीट फुटतं. अँकरच्या मागे आडव्या सळया आहेत का? घराचा आकार जिथे आत वळतो, त्या कोपऱ्यात तिरपी सळई आहे का? भेग पडायची तर तिथूनच पडते.

नळकाम वेगळं. सांडपाण्याच्या पाइपांत पाणी भरून ठेवलेलं असतं. पातळी उतरली तर कुठेतरी गळती आहे. पाइप बीमला आडवा छेदून गेला तर चालतं, भोवती गुंडाळी हवी. बीमच्या पोटातून लांबीनं धावत असेल तर नाही. न्हाणीघराचे पाइप जमिनीतून वर आले आहेत ते भिंतीच्या आत येतील की खोलीच्या मध्यभागी, हे टेप लावून त्याच दिवशी बघावं. आणि एक गोष्ट बहुतेक खरेदीदारांना ठाऊकच नसते. विजेचं अर्थिंगही याच काँक्रीटमध्ये पुरलेलं असतं. किमान 20 फूट लांब सळई पायात ठेवून तिचं टोक वर काढतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात दारूगोळ्याच्या कोठारांना अर्थिंग मिळेना, तेव्हा हर्बर्ट उफर या अभियंत्यानं हा उपाय काढला. तिथले इलेक्ट्रिशियन आजही त्याला ‘उफर’च म्हणतात. ते टोक वर आलेलं दिसलं नाही तर विचारायचं.

हे सगळं बघायला धडपणे तास-दीड तास लागतो, आणि खर्च काही शे डॉलर. पायाच्या दुरुस्तीत घराखाली खांब ढकलून ते उचलायची वेळ आली तर हाच आकडा हजारांत, मोठ्या घराला दहा-वीस हजारांच्या पुढेही जातो. तरी पुष्कळ जण प्री-पोअर करत नाहीत. करू दिलं जात नाही, असंही म्हणता येईल.

कारण त्या दिवशी प्लॉट अजून बिल्डरच्या नावावर असतो. मोठ्या बिल्डरांच्या करारात घराची मालकी सगळं बांधून झाल्यावर, क्लोजिंगच्या दिवशी बदलते. तोवर ज्याच्या पगारातून हप्ता जाणार आहे तो माणूस स्वतःच्या भावी घराच्या जागेवर कायद्यानं पाहुणा. इन्स्पेक्टरला केव्हा येऊ द्यायचं, त्याच्याकडे कोणता विमा हवा, त्यानं सुचवलेल्यापैकी काय दुरुस्त करायचं, हे करार ठरवतो आणि करार बिल्डरनं लिहिलेला असतो. वर वेळेची मारामारी. ट्रक बहुधा पहाटे येतात. उन्हाळ्यात तर मध्यरात्रीनंतर दोन-तीनलाच, कारण दिवसाच्या उन्हात काँक्रीट हाताबाहेर जातं. केबलींचं काम आदल्या दुपारी संपतं. मधे उरतात काही तास, त्यात पाऊस आला तर वेळापत्रक पुढे ढकललं जातं, नाही आला तर एक दिवस अलीकडे येतं. “उद्या ओततोय” असा मेसेज संध्याकाळी पाचला येतो, तेव्हा खरेदीदार ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो.

बिल्डरचा युक्तिवाद असतो की तपासणी होतेच. खोटं नाही ते. आराखडा करणाऱ्या अभियंत्याच्या कार्यालयातला माणूस येतो, शहराचा इन्स्पेक्टर येतो. पहिल्याचे पैसे बिल्डर देतो. दुसऱ्याच्या यादीत त्या दिवशी आणखी बरीच घरं असतात. शहराच्या हद्दीबाहेर, जिथे कौंटीची जमीन सुरू होते, तिथली गोष्ट आणखी मजेदार. कौंटीनं तसा ठराव केला असेल तर टेक्सासचा कायदा नव्या घराच्या किमान तीन तपासण्या सांगतो, आणि पहिली काँक्रीट ओतण्याआधीची आहे. पण ती कोण करणार? परवानाधारक अभियंता, वास्तुविशारद, टेक्सास रिअल इस्टेट कमिशनचा परवाना असलेला इन्स्पेक्टर, असे पर्याय दिले आहेत, आणि त्यांतून निवड करायची बिल्डरनंच. परीक्षार्थ्यानं परीक्षक नेमायचा आणि मानधनही द्यायचं, अशी ही व्यवस्था आहे. यात प्रत्येक जण लबाडच असतो असं नाही, बहुतेक नसतातही. पण चूक सापडली तर ट्रक परत पाठवायचा आणि टोळीचा दिवस बुडवायचा निर्णय घ्यायला जो स्वतंत्रपणा लागतो, तो अशा नेमणुकीत कुठून येणार?

राज्यानं मधे एक प्रयोग केला होता. 2003 मध्ये टेक्सास रेसिडेन्शियल कन्स्ट्रक्शन कमिशन स्थापन झालं. बांधकामाचे दर्जे आणि तक्रारींची वाट त्यानं ठरवून दिली. ग्राहकांच्या संघटनांचं म्हणणं पडलं की या कमिशनमुळे कोर्टात जायची वाटच लांबली. 2009 मध्ये विधिमंडळानं त्याला मुदतवाढ दिली नाही. त्यानंतर 2023 मध्ये कायदा बदलला: बिल्डरनं कामासाठी एक वर्ष, नळ-वीज-वातानुकूलनासाठी दोन वर्षं आणि मुख्य सांगाड्यासाठी सहा वर्षं अशी लेखी हमी दिली, तर दावा लावायची कमाल मुदत दहावरून सहा वर्षांवर येते. काळ्या मातीला सहा वर्षं म्हणजे फार नव्हेत. एखादा दुष्काळ सातव्या वर्षी यायचा.

म्हणून मला तरी वाटतं की तपासणीचा हक्क दुरुस्तीच्या हक्कापेक्षा मोलाचा आहे, आणि तो करारावर सही करतानाच मागायला हवा: ओतण्याआधी किमान 24 तासांची सूचना, स्वतःच्या इन्स्पेक्टरला प्रवेश, आणि अहवालातल्या मुद्द्यांवर लेखी उत्तर. विक्री मंदावलेल्या हंगामात बिल्डर हे मान्य करतात. तेजीत हसतात.

ओतणं आणि ताणणं याबद्दल थोडंच. ओतताना ट्रकच्या चालकाला पाणी वाढवायला सांगितलं जातं, कारण पातळ काँक्रीट पसरायला सोपं. ताकद त्यात जाते. ताणायच्या आधी प्रत्येक केबलच्या शेपटीवर रंगाची खूण करतात आणि ताणल्यावर ती किती बाहेर आली ते मोजतात. 40 फुटांची केबल सव्वातीन इंचांच्या आसपास लांबायला हवी. ते आकडे कागदावर लिहिलेले असतात. तो कागद मागून घ्यावा. मागणारे फार कमी.

आता आपल्याकडे या. आपल्याकडच्या काळ्या मातीवर काम कमी झालेलं नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं बुडाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल्स रूढ केल्या. वर हलणारी माती सोडून खाली स्थिर थरात पाय रोवायचा. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मधे घालून काळ्या मातीचा उचल दाब आवरायचा मार्ग दाखवला. पण छत्रपती संभाजीनगरच्या किंवा सोलापूरच्या बाहेर दीड-दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन घर बांधणारा माणूस यातलं काही ऐकत नाही. त्याचा नियम एकच: मुरूम लागेपर्यंत खोदा. हा नियम वाईट नाही. मुरूम चार फुटांवर लागला तर उत्तमच. आठ फुटांवरही लागला नाही की ठेकेदार आणि मालक दोघांनाही काळपट पिवळी मातीसुद्धा मुरूम दिसू लागते.

खड्ड्यात पीसीसी म्हणजे बिनलोखंडी काँक्रीटचा थर, त्यावर फुटिंगची जाळी, कॉलमच्या उभ्या सळया, मग माल. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 सांगतं की फुटिंगमधल्या लोखंडाला किमान 50 मिलिमीटरचं आच्छादन हवं. त्यासाठी कव्हर ब्लॉक लागतात, आणि ते नसले की फिटर फरशीचा तुकडा किंवा खडी सरकवतो. खडी माल पडताना घसरते, जाळी पीसीसीवर बसते आणि पुढची चाळीस वर्षं तशीच. उन्हात तापलेल्या खड्ड्यात उतरून कव्हर बघायला मालक क्वचितच जातो. पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या दिवशी मात्र सगळं घर हजर असतं, नारळ फुटतो, मजुरांना जेवण असतं, नातेवाइकांना फोटो जातात. पायाच्या दिवशी एवढी गर्दी नसते, आणि खरी गरज तिथेच.

सरकारी नजर तर त्याहून उशिरा पोचते. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जोत्यापर्यंत काम आलं की कळवायचं आणि जोते तपासणीचा दाखला मिळवायचा अशी पायरी आहे. त्यात बघतात ते बांधकाम मंजूर नकाशाच्या जागी आहे का, बाजूची मोकळी जागा सोडली का. तोवर फुटिंग मातीखाली, लोखंड काँक्रीटमध्ये. पायातलं लोखंड बघायची जबाबदारी परवानगीच्या अर्जावर सही केलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची. बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल तर 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 14 ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला रचनेतला दोष बिल्डरनं 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करावा असं सांगतं. स्वतः बांधलेल्या बंगल्याला हे कलम नाही. तिथे बिल्डर तुम्हीच.

चांगले इंजिनिअर साइटवर एक वही ठेवतात. त्यांनी तपासून ‘कास्टिंगला हरकत नाही’ असं लिहून सही केल्याशिवाय मिक्सर फिरत नाही. ही वही जिथे आहे तिथे ठेकेदार आपोआप सरळ चालतो, आणि तिचा खर्च एका भेटीच्या फीपलीकडे नाही. पण तालुक्याच्या गावाला बांधकाम आणि इंजिनिअर जिल्ह्याच्या ठिकाणी, अशी जोडी असली की फोन येतो: “साहेब, जाळी झाली, माल सांगू का?” साहेब म्हणतात, फोटो पाठवा. हुशार साहेब सांगतात, टेप लावून पाठवा, चारी फुटिंगांचे पाठवा, कव्हर ब्लॉक दिसू देत. मग येतो एक फोटो, एका कोपऱ्याचा, आणि कोपरा निवडलेला असतो मिस्त्रीनं.